न निघालेली सातवी तबकडी

भिंगरी रेकॉर्ड्सने चाळीस वर्षांत मोजून सहा तबकड्या काढल्या, तरी तिच्या मालकाला कधी उसंत मिळाली नाही. कंपनी म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागची खोली, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या आणि टेपरेकॉर्डर. गायकांना चहा करून देणारा, ध्वनिमुद्रण करणारा, तबकड्या पाकिटांत भरणारा, सगळा कारभार एकहाती. पायाला भिंगरी लागलेली म्हणून थोरला भाऊ त्याला भिंगरी म्हणायचा. त्याने तेच नाव पाटीवर चढवलं.

कंपनी सुचली ती वहिनींमुळे. त्या कामं करताना गुणगुणायच्या आणि हा दारात ऐकत उभा राहायचा. आत जाऊन कौतुकाचा एक शब्द बोलेल तर शपथ! वहिनींची आठ गाणी सातव्या तबकडीसाठी रिळावर घेतली, आणि तिथेच गाडं अडलं. कधी याला साथ जड वाटे, कधी शेवट घाईचा. "अजून थोडं काम आहे, वहिनी," असं तो एकतीस वर्षं म्हणत राहिला. आधी वहिनींनी विचारणं सोडलं, मग गाणंही. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. आता त्या वहीत लिहून बोलतात.

तेव्हा कुठे भिंगरीला जाग आली. कपाटातून रीळ काढलं तर फीत चिकटलेली. टेप दुरुस्त करणाऱ्या मित्राने सांगितलं, "मंद आचेवर आठ तास शेक. मग एकदाच वाजेल, तेवढ्यात दुसऱ्या यंत्रावर उतरवून घे. नंतर नुसता भुगा उरेल."

सकाळी सात वाजता रीळ बायकोच्या ओव्हनमध्ये गेलं. सव्वासातला हा दार उघडायला आला.

"अहो, केक आहे का तो, फुगला की नाही बघायला?" बायको म्हणाली आणि ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसली. भिंगरीने दिवसभर घरात येरझारा घातल्या, तीनदा यंत्रांच्या वायरी तपासल्या, चार कप चहा प्यायला आणि एकदा चक्क वहिनींनाच म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा ना जरा!" त्या बिचाऱ्या सकाळपासून बसलेल्याच होत्या.

दुपारी तीनला रीळ चढलं. वहिनींचा तिशीतला आवाज खोलीत आला, मोकळा, जराही न डगमगणारा. भिंगरी मटकन स्टुलावर बसला. आठही गाणी संपेपर्यंत हलला नाही.

मग त्याचं लक्ष दुसऱ्या यंत्राकडे गेलं. त्याचं बटण त्याने दाबलंच नव्हतं. इकडे टेपरेकॉर्डरखाली तपकिरी भुगा साचला होता.

"मेलो," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

वहिनींनी वही ओढली. लिहून त्याच्यापुढे धरली. "किती चांगलं गायचे मी!"

त्याने नुसती मान डोलावली.

त्यांनी वही परत घेतली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"