स्वयंपाकघरापुरता नियम

माझ्या बायकोच्या मामांइतका न्यायी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि इतक्या न्यायी माणसाच्या शेजारी बसून साधे पोहे खाणंसुद्धा किती अवघड असतं, हे आम्हा घरच्यांइतकं कोणाला ठाऊक नसेल. मामा शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि जिल्हाभर खो-खोचे पंच म्हणून फिरले. यथावकाश शाळा सुटली, मैदान सुटलं, गळ्यातली शिट्टी मामींनी कपाटात टाकली. पण पंच काही अंगातून उतरला नाही. उठल्यापासून आडवं होईपर्यंत त्यांच्यापुढे कुठला ना कुठला सामना चालूच असतो. कॅरम खेळताना आमच्यापैकी कोणाला दिसलाही नसेल असा स्वतःचा फाउल ते स्वतःच जाहीर करतात, राणी परत ठेवतात आणि वर आमच्याकडेच रागाने बघतात, की तुमचं लक्ष कुठे होतं!

रविवारी सकाळी आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला मिसळ खायला जातो. आता नाशकात रविवारी मिसळीला जायचं म्हणजे नाव सांगून बाहेर ताटकळत उभं राहणं आलंच. उरलेलं जग तेवढ्या वेळात मोबाइल बघतं. मामा मात्र कोण कोणाच्या आधी आलं हे डोक्यात पक्कं करून ठेवतात. एकदा अगदी आमचं नाव पुकारलं गेलं, आतून रश्शाचा वास आला, माझा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला, आणि मामा म्हणाले, "थांबा. त्या सटाण्याच्या गाडीवाल्यांचा नंबर आधी आहे. ते गाडी लावायला जागा शोधत होते म्हणून नाव उशिरा सांगितलं, पण आले आपल्या आधी." सटाणेकर बिचारे नको नको म्हणत होते. मामांनी त्यांना जवळजवळ ढकलत आत बसवलं. मी भुकेने कासावीस होऊन काहीतरी पुटपुटलो, तर मला म्हणाले, "जावईबापू, भूक सगळ्यांची सारखी असते. क्रम सारखा नसतो." या वाक्याने पोट भरत नाही हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

निफाडला त्यांच्या चुलतभावाची द्राक्षबाग आहे. हंगामात तिथून पेटी येते आणि मामा ती जिन्यातल्या प्रत्येक घरी वाटतात. वरच्या थरातला एक घड, मधला एक, खालचा एक, असं प्रत्येकाला. म्हणजे गोड सगळे एकाकडे आणि आंबट सगळे दुसऱ्याकडे असं व्हायला नको. हे वाटप संपेस्तोवर पेटीच्या तळाशी सुटे मणी तेवढे उरतात आणि ते स्वतःच्या घरी. मामी म्हणतात, "आमच्याकडे दरवर्षी द्राक्षं येतात. घड कसा असतो ते मी बाजारात जाऊन बघते."

मामी नामपूरच्या. बागलाणातलं माहेर, घरात कांदा, बोलायला अहिराणी. लग्न होऊन नाशकात आल्यावर त्यांनी भाषा बदलली, चहातली साखर कमी केली, पण नवऱ्याच्या न्यायापुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही. कॉलनीत एका दिवाळीला रांगोळीची स्पर्धा होती आणि परीक्षक होते मामा. मामींनी दारापुढे असा मोर काढला होता, की दूध टाकायला येणारा वळसा घालून जायचा. मामांनी सगळ्या रांगोळ्या पाहिल्या आणि शेवटचा नंबर मामींना दिला. पहिला नव्हे, दुसरा नव्हे, शेवटचा! "मधला दिला असता तरी कोणीतरी म्हणालं असतं, की बायको म्हणून वर घेतली. संशयाला जागाच नको." त्यानंतर मामींनी स्पर्धा म्हणून रांगोळी काढली नाही.

अशा माणसाकडे गेल्या वर्षी आमच्या वाचन कट्ट्याने कथास्पर्धेचे नियम करण्याचं काम दिलं. त्याला कारण होतं. त्याआधीच्या वर्षी अशीच स्पर्धा झाली, परीक्षक स्वतः कट्ट्याचे अध्यक्ष होते आणि पहिलं बक्षीस गेलं अध्यक्षांच्या सुनेला. झालं! जॉगिंग ट्रॅकवर लोक एकमेकांना बघून उलट्या दिशेने चालायला लागले. गंमत म्हणजे कथा खरोखरच चांगली होती. मी तसं मामांना म्हणालो, तेव्हा ते एकदम गंभीर झाले. "तेच तर वाईट झालं, जावईबापू. बिचारीला बक्षीस मिळालं आणि मान मिळाला नाही. पुन्हा लिहील का ती? नियम हरणाऱ्यासाठी नसतात. जिंकणाऱ्याला ताठ मानेने घरी जाता यावं म्हणून असतात." मामांचं हे बोलणं मला फार आवडलं. माणूस चक्रम असला तरी चक्रमपणाच्या मुळाशी काय आहे ते असं कधीतरी अचानक दिसतं.

मग समिती बसली. समितीत मामा, अध्यक्ष, निफाडकडचे एक बागाईतदार नाना आणि मी. माझ्याकडे चहाची व्यवस्था होती. पहिला प्रश्न विषयाचा. कोणी सुचवलं 'आजी'. मामा म्हणाले, "ज्यांना आजी लाभलीच नाही त्यांनी काय करायचं?" कोणी म्हणालं 'प्रवास', तर गुडघेदुखीवाल्यांवर अन्याय. शेवटी विषय मोकळा ठेवला. कथेवर नाव नको, हे ठरलंच होतं. पण कॉलनीत प्रत्येकाचं अक्षर प्रत्येकाला सोसायटीच्या सूचनांमुळे पाठ, म्हणून सगळ्या कथा टाइप करून द्यायच्या. परीक्षक बाहेरचे हवेत, म्हणून देवळाली कॅम्पातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका ठरल्या. त्यांना आमच्यापैकी कोणीही ओळखत नाही याची मामांनी तिथे स्वतः जाऊन खात्री करून घेतली, आणि त्यात त्यांची इतकी चांगली ओळख झाली, की बाईंनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं. याने नियम मोडला का, यावर मामांनी पुढच्या बैठकीत अर्धा तास स्वतःचीच चौकशी केली.

खरी गाडी अडली ती नातेवाइकांवर. समितीतल्या कोणाच्याही नातेवाइकाने भाग घ्यायचा नाही, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण नातेवाईक म्हणजे कोण? मामांनी व्याख्या केली, "ज्याच्या घरच्या लग्नाला आपण गेलो नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात, तो नातेवाईक." व्याख्या बिनतोड होती. नाना डोक्याला हात लावून म्हणाले, "मामा, मंग स्पर्धाच नाय होत! आमचं तर आख्खं गाव सोयरं हाय, अन् ते निम्मं आता याच कॉलनीत राहायला आलंय." खरोखरच मोजायला बसलो तेव्हा वॉचमनसुद्धा कोणाच्या तरी मेहुण्याचा साडू निघाला. तेव्हा मामांनी बराच वेळ डोळे मिटले आणि नियम आवळत आवळत आणला: समितीतल्या माणसाबरोबर ज्यांचा स्वयंपाक एकत्र होतो, एवढ्यांनीच भाग घ्यायचा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक स्वयंपाकघर म्हणजे एक नातं. इतकी स्वच्छ रेघ आम्हाला सुचली नसती. मीही चहाचे कप गोळा करता करता टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी मामांबरोबर त्यांच्या घरी गेलो. मामा नियम सांगत होते, मामी ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर मामी म्हणाल्या, "म्हणजे मला देता यायची नाही."

"काय?"

"कथा. लिहिली आहे मी. तुम्ही नियम करायला बाहेर जायचात, तेव्हा लिहीत होते."

मामांचा हात भाजीच्या वाटीवर तसाच राहिला. मामी लिहितात हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि बहुतेक मामींनाही हल्लीपर्यंत नसावं. मामा चाचरत म्हणाले, की नियम आता सर्वानुमते झाला आहे, आपणच बदलला तर लोक काय म्हणतील. तशी मामींनी तवा खाली उतरवला. "तुमचा न्याय बाहेरच्यांना आणि भुर्दंड घरच्यांना. हे काय आजचं आहे? माले काय करनं शे तुमना नियमनं!" मामी अहिराणीत बोलल्या म्हणजे विषय संपला, एवढं मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. मी पानावरून लवकर उठलो.

पुढचे काही दिवस मामा मामांसारखे दिसेनात. मिसळीच्या रांगेत कोणीतरी सरळ मध्ये घुसलं आणि त्यांचं लक्षही गेलं नाही. नियम मोडावा तर आयुष्यभराची पंचगिरी पाण्यात, न मोडावा तर घरातलं माणूस पुन्हा एकदा शेवटच्या नंबरावर. मला विचाराल तर मी केव्हाच गुपचूप दुसऱ्या नावाने कथा घुसवली असती. तसं मी सुचवलंही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच हवापाण्याच्या गप्पा काढल्या.

नंतरच्या बैठकीत मामा उभे राहिले. "माझं नाव समितीतून काढा. माझ्या घरची स्पर्धक आहे. आपला संघ मैदानात असला की पंचाने बाहेर बसायचं असतं." बोलून बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की नाव गुप्त ठेवायचा नियम त्यांनी स्वतःच भर सभेत मोडला होता. कॉलनीभर संध्याकाळपर्यंत झालं, मामी कथा देणार! मामा डोकं धरून बसले. परीक्षक बाहेरच्या होत्या म्हणून निभावलं. पण त्या गडबडीत एक गोष्ट झाली. अध्यक्ष म्हणाले, "मग माझंही नाव काढा. आमच्या सूनबाईने लिहिणं सोडलंय. मी बाहेर झालो तर कदाचित पुन्हा लिहील." नानांची नात लिहिते म्हणून नानाही बाहेर पडले. उरलो मी, कारण आमच्या स्वयंपाकघरात कोणालाच काही सुचत नाही. एवढ्या एका पात्रतेवर मी स्पर्धाप्रमुख झालो.

निकालाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. मामा मुद्दाम सर्वांत मागे बसले. कथा त्यांनी अजून वाचली नव्हती. घरात मदत केली असा संशय नको म्हणून मामी लिहिलेलं सुधारायला बसल्या की ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मुख्याध्यापिका बाईंनी आधी तिसरी आलेली कथा वाचली, मग दुसरी. दुसरी सुरू झाली आणि नामपूरचं एक घर समोर उभं राहिलं. दोन जावांचं भांडण होतं आणि दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. जे काय सांगायचं ते गोठ्यातल्या म्हशीला सांगतात, ऐकू जाईल अशा आवाजात. "सांग गं तुझ्या मालकिणीला, पीठ संपलंय." लोक हसून हसून बेजार झाले. मग एके दिवशी घरचे म्हैस विकतात, आणि आता एकमेकींशी बोलायचं कसं हे दोघींना कळत नाही. रिकाम्या गोठ्यात दोघी उभ्या राहतात, तिथे कथा संपते.

बाईंनी पाकीट उघडून मामींचं नाव वाचलं, द्वितीय क्रमांक. टाळ्या सुरू होताहेत तोच मागून आवाज आला, "हरकत!"

मामा उभे होते. चेहरा लाल, हात वर. "निकाल चुकला आहे. पहिलं बक्षीस हिचं आहे!"

मी स्पर्धाप्रमुख या नात्याने म्हणालो, "मामा, परीक्षकांचा निर्णय अंतिम, हा नियम तुमचाच आहे."

"नियम माझाच आहे हो, पण ती म्हैस बघा ना किती चांगली आहे! पहिल्या कथेत काय आहे एवढं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "पहिली कथा मी अजून वाचून दाखवलेलीच नाही."

त्यानंतर जो हशा उठला तो बराच वेळ थांबेना. मामी पुढच्या रांगेतून वळून हातानेच बसा बसा म्हणत होत्या. मामा बसले. मग पहिली कथा वाचली गेली, ती अध्यक्षांच्या सुनेची निघाली, आणि ती इतकी चांगली होती, की मामांनीच उभं राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. यावेळी त्या मुलीकडे कोणी तिरकं पाहिलं नाही. ती ताठ मानेने घरी गेली, मी पाहिलं.

घरी चालत परतताना मामा अगदी पडेल आवाजात म्हणाले, "चुकलंच माझं. न ऐकता निकाल द्यायचा म्हणजे... सगळ्या आयुष्यात असा पक्षपात केला नाही मी."

"चुकलं खरं," मामी म्हणाल्या. थोडं चालल्यावर थांबल्या. "पण परत एकदा म्हणा."

"काय?"

"तेच. मघाशी ओरडलात ते."

मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहिलो. मामांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "पहिलं बक्षीस हिचं आहे." मामी त्यांच्या बरोबरीने चालायला लागल्या. मला आपलं उगाचच भरून आलं, आणि नाडी बांधायला जरा जास्तच वेळ लागला.