बाईंचा डिसेंबर

जगात जे काही मोठं घडलं ते डिसेंबरच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत घडलं, बाकीचं वर्षभर लोक नुसते जेवले आणि झोपले, असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली. मला चौथीला शिकवणाऱ्या आमच्या बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक म्हैस घेतली आणि रोज सकाळी किटली घेऊन त्या गावच्या दूध सोसायटीत येऊ लागल्या. मी तिथला सचिव. सोसायटीच्या दाराशी फळा होता, त्यावर मी दुधाचा भाव लिहायचो. वर्षभर बाई त्या फळ्याकडं ढुंकूनही बघत नसत. पण वीस डिसेंबर उजाडला की आल्या आल्या पदराच्या टोकानं तो पुसून टाकत आणि ठसठशीत अक्षरात दिनविशेष लिहीत. भाव कुणाला कळायचा नाही. पण चोवीस तारखेला माणसानं पहिल्यांदा चंद्राला प्रदक्षिणा घातली आणि अठ्ठावीसला पॅरिसमध्ये तिकीट लावून सिनेमा दाखवला, हे आमच्याकडं शेळ्या राखणाऱ्यांनाही पाठ होतं.

या दिवसांचा त्यांना पक्षपातच होता म्हणा ना. गल्लीतल्या एका सुनेला तेवीस तारखेला कळा सुरू झाल्या, तर बाई तिच्या उशाशी बसून म्हणाल्या, "एक दिस दम काढ गं, उद्याची तारीख लई चांगली हाय." त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांसारखा त्यांचाही वाढदिवस शाळेनं एक जूनला टाकलेला. बाईंनी तो स्वतःच्या अधिकारात पंचवीस डिसेंबरला आणला. त्या दिवशी पांढरं पातळ नेसून त्या दूध घालायला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत आणि विचारत, "आज काय झालं, सांग." ज्याला सांगता येत नसे त्याला गूळ मिळेच, शिवाय महाडला मनुस्मृती कशी जाळली ते पहिल्यापासून ऐकावं लागे. तोवर दूध नासायला आलेलं असे.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. चारा संपला, दूध आटलं. शहरातली एक खाजगी डेअरी सोसायटी चालवायला घ्यायला तयार झाली. करारासाठी एकतीस डिसेंबरला सभा बोलावली, डेअरीचा माणूसही जीप घेऊन आला. चेअरमननी पेन उघडलं, तेवढ्यात मागून बाई उठल्या.

"आज सही व्हायची न्हाई."

"कावून बाई?" चेअरमन म्हणाले.

"एकतीस डिसेंबर हाय. ह्याच दिवशी विलायतेच्या राणीनं कंपनीला व्यापाराची सनद दिली. ह्याच दिवशी पेशव्यानं वसईचा तह केला. दोन्ही कागदांचं पुढं काय झालं, ते तुमी चौथीत शिकलाव."

सभा खदखदून हसली. कुणीतरी म्हणालं, "मग उद्या करू, बाई."

"उद्याबी न्हाई. आधी मोठ्यानं वाचा."

"सचिवानं वाचलाय की," चेअरमन म्हणाले, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी वाचला नव्हता. सहा पानं बघून नुसते शिक्के मारून ठेवले होते. गृहपाठ न केलेल्या पोराकडं बघावं तसं बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"एका पोथीत आमच्याबद्दल काय काय लिहून ठेवलं होतं, आन् माझ्या आज्जीच्या आज्जीला ती उघडायचीसुद्धा मुभा न्हवती," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमाला वाचता येतंय, तरी तुमी वाचत न्हाई. ह्याला काय म्हनायचं?"

मी उभा राहून वाचू लागलो. चौथ्या पानावर अडखळलो: संस्थेची जागा, इमारत व त्यावरील जलस्रोत तीस वर्षांसाठी डेअरीच्या ताब्यात राहतील.

"जलस्रोत म्हंजी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आपला बोर," बाई म्हणाल्या.

गावच्या विहिरी दिवाळीतच कोरड्या पडल्या होत्या. टँकर आला तर आला. सोसायटीचा तो एक बोर चालू होता आणि वरच्या गल्लीपासून बाईंच्या भीमनगरापर्यंत सगळं गाव त्याच्यावर जगत होतं. डेअरीचा माणूस हसत म्हणाला, "ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलंय."

"मग नुसतं खोडायचं म्हणून खोडा," बाई म्हणाल्या.

त्यानं खोडलं नाही. कागद पिशवीत घातले आणि जीपमध्ये जाऊन बसला. चेअरमन पुढं दोन महिने बाईंशी बोलले नाहीत. उन्हाळ्यात निम्मी जनावरं छावणीत गेली, सोसायटी कशीबशी तगली, पण पाऊस येईपर्यंत बोरवर गावाच्या घागरी भरत राहिल्या.

दोन-तीन वर्षांनी बाईंचे गुडघे गेले आणि लेक त्यांना पुण्याला न्यायला आली. जवळच्या सिरसाळ्याच्या स्टँडवर मी सोडायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "तिकडं नळाला रोज पानी येतंय म्हनं."

"येतंय, बाई."

"मग दिवसभर करायचं काय रे?"

नव्या शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरीसारख्या त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसल्या. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही. मीच आपला हलवत राहिलो.