सातव्या मैलाचा दगड

सकाळी फिरायला गेलो की जुन्या घाटरस्त्यावरच्या मैलाच्या दगडाशी मला हल्ली टेकावंच लागतं. गुडघे पुढे जाऊ देत नाहीत. काल तिथं एक जोडपं मोबाईल बघत पावलं मोजत होतं. कुणीतरी लपवलेली डबी शोधायचा खेळ होता म्हणे. या रस्त्याच्या जुन्या माहितीवरून कोडं घातलेलं, ते सोडवलं की जागा कळते.

"काका, सातव्या मैलापासून साठ पावलं वडाकडे," मुलगी म्हणाली. "हाच ना तो, इंग्रजांनी मोजून बसवलेला?"

मी होकारार्थी मान हलवली.

रस्ता रुंद केला तेव्हा आम्ही तो दगड उपटला होता. परत बसवायची पाळी आली ती दिवस मावळताना. मी मुकादम. माणसं दमलेली, मीही दमलेलो, आणि दगडाची मूळ जागा अजून बरीच वर. म्हटलं, "बसवा इथंच, कोण मोजायला येतंय?" सकाळी त्याला चुना फासला. साहेबांची जीप न थांबता गेली.

तेव्हापासून सातवा मैल इथं आहे. बाकीचा इतिहासही असाच ठरला असेल का, जिथं कुणाचा तरी दम संपला तिथं?

डबी घेऊन दोघं परत आली. आत छोटी वही होती, ज्यांना डबी सापडली त्यांनी नावं लिहायची.

"काका, तुमचंही लिहा की."

जन्मभर या रस्त्यावर राबलो, पण नाव कुठं लागलं नव्हतं. पेन घेतलं. वही टेकवायला तो दगडच होता.