सुदर्शनची पाटी

लोणी काळभोरच्या एका कॉलेजात सुदर्शन सर्व्हर सांभाळतो. माणूस हुशार, पण जीभ भलतीच तिखट. टेबलामागच्या भिंतीवर त्याने स्वतः लिहिलेली पाटी होती: ‘डेटा हलवल्यावर दोनदा तपासावे, मगच जुना पुसावा. नंतर इथे येऊन रडू नये.’

मराठी शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंनी वारज्याच्या गेनबांना बोलतं करून तिथल्या जुन्या शेतांची नावं रेकॉर्ड केली होती. शेतांवर आता इमारती झाल्या, नावं सांगणारे एकटे गेनबाच उरले होते. रेकॉर्डिंग सर्व्हरवर ठेवायला देताना बाईंनी विचारलं, “रेकॉर्डरमधलं पुसलं तर चालेल ना?”

सुदर्शनने पाटीकडे बोट दाखवलं. “मराठीतच लिहिलंय, बाई. दोनदा तपासलंय, खुशाल पुसा.”

बाईंनी पुसलं. काही महिन्यांनी गेनबा वारले.

मग हा डेटा डिस्कच्या जुन्या भागावरून नव्या भागावर हलवायची वेळ आली. सर्व्हरच्या युनिक्स प्रणालीत नवा भाग आधी एखाद्या फोल्डरला जोडावा लागतो. या महाशयांनी फोल्डर बनवला तो जुन्याच भागावर, आणि जोडायचं राहूनच गेलं. कॉपी निमूट झाली, पण त्याच जुन्या भागावर. मूळ फायली आणि कॉपी त्याने ताडून पाहिल्या, सगळं जुळलं. जुळणारच की, दोन्ही एकाच घरात होत्या! नवा भाग खरंच जोडलाय का, हे बघायला एक ओळ टाइप करायची होती. पण स्वारगेटची बस चुकेल म्हणून त्याने तेवढ्याचाही कंटाळा केला. जुना भाग फॉरमॅट करून गडी निघाला.

सकाळी बघतो, तर नवा भाग रिकामा. दुपारपर्यंत नाना खटपटी केल्या, हाती काही लागलं नाही.

तेवढ्यात बाई आल्या. “गेनबांची नात उद्या यायचीय, आजोबांचा आवाज ऐकायला.”

डिस्कच खराब निघाली म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्याने सगळं खरं सांगितलं. लाजेने मान वर करवत नव्हती.

बाई म्हणाल्या, “ही नावं आता कुठं जायची नाहीत, असं मी गेनबांना सांगितलं होतं.”

सुदर्शनने उठून पाटी काढायला घेतली.

“राहू द्या ती,” बाई म्हणाल्या. “नातीला उद्या इथंच घेऊन येते. तिला तुम्हीच सांगा.”

त्याने पाटी परत खिळ्याला अडकवली.