पाटीवरचे दहा घोडे

काल अंगणात काथ्याचा दोर जळला आणि त्या वासानं मला दुसरी जागतिक लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात, इस्लामपूरजवळच्या आमच्या विहिरीवर नेलं. दहा घोड्यांच्या ताकदीचं नवं इंजिन पाणी खेचेना, ऊस करपत होता. इंजिन विकणारा उलट आम्हालाच सुनावायचा, "तुमची विहीरच खोल!"

फौजेत मोटारी दुरुस्त करून आलेल्या माझ्या थोरल्या भावानं त्याला समोर उभं केलं आणि इंजिनाची खरी ताकद मोजायला फिरत्या चाकाला काथ्याचा दोर गुंडाळून टोकाला वजनं टांगली. दोर धुमसला. सहा घोड्यांच्या भारालाच इंजिन बंद पडलं.

"इंजिनावरच्या पाटीवर तर दहा लिहिलंय," विकणारा म्हणाला.

"आवं, पाटी पाणी उपसती व्हय?" भाऊ कडाडला.

विकणाऱ्यानं इंजिन बदलून दिलं नाही. ऊस वाळला. तेव्हा मला भावाचं कौतुकच वाटलं होतं. आज संताप येतो, कारण खोटा ठरलेला तो माणूस ताठ मानेनं निघून गेला आणि आम्ही त्याला वाट दिली.