टीव्हीनं सांगितलेलं माझं शिक्षण

आमच्या बालवाडीत टीव्ही आला, त्या दिवशी मी राजीनामा कसा लिहितात याची चौकशी केली. (लिहिता आला असता तर दिलाही असता.)

मुळात मी तिथं शिकवायला गेलेच नव्हते. माझं माहेर पार किनवटच्या पलीकडं. गावात शाळा सातवीपर्यंत, म्हणून मीही सातवीपर्यंत. लग्न होऊन गंगापूरकडं आले. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही, तेव्हा सासूबाईंसकट सगळे शहरात, मुकुंदवाडीत आलो. नवरा कंपनीत लागला आणि मी बालवाडीत मावशी म्हणून. पोरांची नाकं पुसायची, हात धुवायचे. पुढं एक बाई सोडून गेल्या. पोरं माझ्या गोष्टींना सोकावलेली. बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "सुनंदाताई, वर्ग तुम्हीच घ्या." त्यांचे ते उपकार मी अजून विसरलेले नाही.

पण शहर वाढत होतं. टँकरनं पाणी येत होतं आणि टेम्पोनं नवी माणसं. नव्या बिल्डिंगांतले पालक विचारायचे, "ताई, आपलं शिक्षण?" मी म्हणायची, "आहे ना!" आणि कुणाचं तरी नाक पुसायला पळायची. त्या काळात आमच्या वर्गाइतकी स्वच्छ नाकं अख्ख्या शहरात नसतील!

त्यात हा टीव्ही. मोबाईलमधलं चित्र म्हणे त्याच्यावर दिसणार. मॅडमनी शिकवलं. मी वहीत एकेका खुणेचं चित्र काढून घेतलं. पहिला आठवडा भलतंच काही दाबलं जायचं, दुसऱ्या आठवड्यात जमलं आणि तिसऱ्या आठवड्यात मी चक्क शेजारच्या वर्गातल्या बाईंना शिकवायला निघाले! सगळ्यात लाडका होता मागं नेणारा बाण. तो दाबला की गोष्ट दहा सेकंद मागं जायची आणि तेच वाक्य पुन्हा ऐकू यायचं. मग आमची पद्धतच पडली. वाक्य दोनदा ऐकायचं आणि तिसऱ्यांदा सगळ्या पोरांनी टीव्हीबरोबर एका सुरात म्हणायचं.

पालकसभा ठरली. मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, नव्या पालकांना डिग्रीवाली बाई पाहिजे आहे. तुमचा वर्ग एकदा डोळ्यांनी बघू द्या त्यांना. मग कोणी काही बोलणार नाही." म्हणजे नीट झालं तर वर्ग माझा. नाही झालं तर पुन्हा नाकं.

सभेत टीव्हीवर दाखवायला म्हणून रविवारी सकाळी घरी मोबाईल तूरडाळीच्या डब्याला टेकवून मी कागदी चिमण्यांची गोष्ट रेकॉर्ड केली. शेवटची चिमणी घरट्यात जाते न जाते तोच बाहेर टँकरचा हॉर्न! चिमणी टाकून हंडे घेऊन धावले. परत येऊन रेकॉर्डिंग बंद केलं. पहिली दोन मिनिटं बघितली. झकास! पुढं काय आहे ते बघितलंच नाही. (गोष्ट संपल्यावर मोबाईल नुसती भिंत बघत बसतो, अशी माझी समजूत.)

सभेला खोली भरली. नातवाची पालक म्हणून सासूबाई पहिल्याच रांगेत. चिमणी घरट्यात गेली, टाळ्या झाल्या. मी पदर सावरून जरा ताठ उभी राहिले. आणि टीव्हीतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

"आई, ही लई जीव टाकती गं. पण त्या बिल्डिंगवाल्यांना कळलं तर?"

मग सासूबाई. त्यांचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचण्यासाठी घडलेला.

"सातवी शिकलेली असली म्हणून काय झालं? सोन्यावानी शिकवती!"

घरात ज्या बाईनं मला "दिसभर त्या डबड्यात तोंड" याशिवाय काही ऐकवलं नव्हतं, ती हे म्हणाली होती! पण गहिवरायला सवड कुठली? मी मोबाईलवर झडप घातली आणि बोट सवयीनं गेलं ते लाडक्या बाणावर.

"सातवी शिकलेली असली म्हणून काय झालं?"

पुन्हा दाबलं. पुन्हा बाण! आता तिसरी वेळ. आणि माझी पंचवीस गुणी पोरं टीव्हीबरोबर खणखणीत सुरात, हातवारे करून म्हणाली,

"सातवी शिकलेली असली म्हणून काय झालं!"

"अगं बया, हे तर मी घरी म्हणले व्हते," सासूबाई जागेवरून उठल्या. "इथं कसं काय आलं?"

मॅडमनी टीव्हीची पिनच उपटली. चष्मेवाले एक साहेब होते, माझं शिक्षण तीनदा विचारून गेलेले. ते म्हणाले, "म्हणजे ताई, तुम्ही सातवी?"

शहरात येऊन मी कष्टानं "हो" म्हणायला शिकले होते. त्या क्षणी तोंडातून निघालं, "व्हय."

तेवढ्यात त्यांची चिमुरडी त्यांचा शर्ट ओढत म्हणाली, "बाबा, अर्धंच नाही म्हणायचं! पुढचं 'सोन्यावानी' पण म्हणा ना!"

आधी मागची रांग हसली, मग पुढची. साहेब हसले नाहीत, पण चष्मा पुसत बसले. एका घरानं त्याच आठवड्यात पोराचं नाव बालवाडीतून काढून घेतलं. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. बाकीची पोरं राहिली आणि वर्गही माझ्याकडंच राहिला.

"जे सांगायचा मला दोन वर्षं धीर झाला नाही," मॅडम म्हणाल्या, "ते तुम्ही पोरांकडून वदवून घेतलंत. आता एकदा स्वतःच्या तोंडानं सांगा. मोकळ्या व्हाल."

मला पटलं. मी एकटीनं, कोणाचीही मदत न घेता, पालकांसाठी व्हिडिओ केला. माहेर सांगितलं, शाळा का सुटली ते सांगितलं, लपवलं म्हणून माफी मागितली, ठेवून घेतलं म्हणून आभार मानले. दोनदा रडले. आणि मोठ्या विश्वासानं पालकांच्या ग्रुपवर पाठवून दिला.

पहिलं उत्तर चष्मेवाल्या साहेबांचंच आलं.

"ताई, पाठवताना आवाज बंद केलात, एक शब्द ऐकू येत नाही. पण राहू द्या. परत पाठवू नका. आमच्या घरी सगळ्यांचं 'सोन्यावानी'पर्यंत पाठ झालंय."