पावसाचा मंत्र

लाखांदूरहून दिघोरीच्या एसटीत चढले तेव्हा पिशवीत माझं मुलांसाठी लिहिलेलं नवं पुस्तक होतं आणि डोक्यात भलती हवा. शाळेनं वाचनासाठी बोलावलं होतं. शेजारच्या मावशींनी विचारलं म्हणून सांगितलं की झिलमिल नावाची जादूगार मुलगी सारस पक्ष्यावर बसून जाते आणि राक्षसाच्या गुहेतून ढग सोडवून आणते. मावशी खिडकीतून आभाळाकडे बघत राहिल्या. बाहेर धान कापून झाला होता, आभाळ भरलेलं. पण मला शहाणीला त्याचं काय!

शाळेत झिलमिल झाली होती सहावीतली आचल. गुहा, राक्षस, लढाई, पोरीनं असं वाचलं की मीच सावरून बसले. शेवटी पाऊस आणणारा मंत्र आला आणि तिनं पुस्तक मिटलं.

"मी नाई वाचत, मॅडम. आमचा कडपा पडून आहे."

कडपा (कापून शेतात वाळत टाकलेला धान) भिजला तर दाण्याला जागेवरच कोंब फुटतात, असं गुरुजींनी मला हळूच सांगितलं.

"अगं, ही नुसती गोष्ट आहे," मी म्हणाले.

"मंग गोष्टीत कोणाचा कडपा भिजते, ते काहून नाई लिहिलं?"

हातातोंडाशी आलेला घास जावा, असा पाऊस मी आनंदाचा शेवट म्हणून लिहिला होता. लाज वाटली.

रात्री गुरुजींकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आचलच्या शेतात गेले. मजूर मिळत नव्हते. भारे बांधायला बसले, तर माझा पहिलाच भारा उचलताच सुटला आणि आचलची आई पदर तोंडाला लावून हसली. खाली लाखोरीचे (धानातच पेरतात त्या कडधान्याचे) हिरवे कोंब होते, त्यांवर पाय देऊ नका म्हणून दोनदा बोलणी खाल्ली. आचल मध्येच वर बघून पुटपुटायची. झिलमिलला ती ढग धरून ठेवायला सांगत होती. खोटं कशाला बोलू, दुपारनंतर मीही पुटपुटत होते.

चारच्या सुमारास पुंजना (भाऱ्यांची उडवी) रचून झाला, वर ताडपत्री बसली. मी निघाले तशी आचल पुस्तक घेऊन आली.

"आता लाखोरीले पाणी पाहिजे. वाचू का?"

मी तिच्या बाबांकडे पाहिलं. त्यांनी ताडपत्रीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि होकारार्थी मान डोलावली. आचलनं खणखणीत आवाजात मंत्र वाचला.

इतकी वर्षं लिहितेय, पण माझ्या शब्दांनी काही भिजेल अशी धास्ती आजवर कुणी घेतली नव्हती. मीसुद्धा नाही. परतीच्या एसटीत जागा मिळाल्याबरोबर मी आधी खिडकीची काच लावून घेतली.